उंबऱ्याबाहेरची पाहणी

शेटजींनी उपरणं नाकाला लावलं आणि अंगणातूनच ओरडून विचारलं, "पानी भेटते ना वो, बायाहो?"

आमच्या बराकीत पाय टाकणं त्यांना शक्यच नव्हतं. आम्ही महारवाड्यातल्या बाया. विटाळ झाला असता.

अकोल्याचा तुरुंग. कापसाला सोन्याचा भाव आलेला, म्हणून गाडीतून रस्त्यावर सांडलेला कापूस मी ओटीत गोळा केला, तीही चोरी झाली. त्याच कापसाच्या अडतीवर हे शेटजी मोठे झालेले. कैद्यांचे हाल होतात का, हे बाहेरच्या माणसानं पाहावं म्हणून सरकारनं त्यांना नेमलेलं. पगार नाही, मान मात्र मोठा. शेजारी तुरुंगाचा दारोगा उभा. हातात वेत.

विहिरीला आम्ही हात लावायचा नाही. दुसऱ्या बराकीतली वरच्या जातीची बाई वरून ओतेल ते पाणी. तेही दिवसातून एकदा. आत आमच्यातली गंगी हगवणीनं लोळत होती. ओठ फुटलेले.

"भेटते, मालक," सगळ्या म्हणाल्या.

मीही तेच म्हणायला तोंड उघडलं. मागून गंगी कण्हली. खोटं कशाला सांगू, भीतीनं लुगडं ओलं झालं.

"एकदाच भेटते," मी म्हणाले. "आत एक बाई मराले टेकली. आत या ना, पाहा."

शेटजी मागे सरकले. "आत कसा येऊ वो? विटाळ होते."

"मंग न्हाऊन घ्या. तुमच्यापाशी पानी हाये."

दारोग्यानं वेत तळहातावर आपटला. शेटजी निंबाखाली बसले, आपल्या तांब्यातलं पाणी प्याले आणि जाताना म्हणाले, "सारं ठीक हाये."

ते गेले तसं दारोग्यानं मला अंधारकोठडीत टाकलं. प्रत्येक पावलाला दचकायचे. बाहेर आले तर गंगीची जागा झाडून काढलेली. कुणी म्हणालं, सुटली बिचारी. माझं डोकंच फिरलं. सुटली कसली? तहानेनं मारलं तिला.

शिक्षा संपली. आता पाहणीच्या दिवशी मी तुरुंगाच्या दाराशी उभी राहते. दारोगा दिसला की अजून भीती वाटते. वाटू दे. शेटजी बाहेर आले की मी त्यांच्या वाटेत उभी राहते. माझी सावली पडू नये म्हणून ते अंग चोरतात. चारचौघांत मी विचारते, "आत गेलते का?"

ते बाजूनं निघून जायला बघतात. मी हटत नाही. आत जाऊन पाहिल्याशिवाय त्यांना 'ठीक' म्हणू देणार नाही. मला पुन्हा आत टाकलं, तर आतून विचारीन.