आमच्या पेशी मरत नाहीत

प्रयोगशाळेत रिझल्ट कमी आणि किस्से जास्त साठतात. रिझल्टला फ्रीझर लागतो, किस्से डोक्यात नुसते पडून राहिले तरी टिकतात. पुण्यातल्या आमच्या लॅबचे तर काही केल्या जात नाहीत!

आम्ही 'बीसीएल-टू' या जीनवर काम करायचो. माणसाच्या शरीरातली खराब झालेली पेशी एरवी आपणहून मरते. या जीनपासून बनणारं प्रोटीन तिला मरू देत नाही. ते वाढलं की गाठ वाढते, औषधाला दाद देत नाही. त्यामुळे कॅन्सरच्या पेशींवर औषध टाकायचं आणि त्या मरायची वाट बघायची, हाच आमचा धंदा.

*

लॅबमधली माझी जोडीदारीण वैशाली, यवतमाळची. धायरीत खोली घेऊन राहायची. एका रविवारी घरमालकीणबाईंच्या फोनवरून तिने मला लॅबमध्ये विचारलं, "मरून राहिल्या का गं? सगळ्या? वा, मस्तच!"

घरमालकीणबाई शेजारीच भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "अहो, फोन ठेवा. आणि दुसरी खोली बघा."

*

तेव्हा हिंजवडीत काचेच्या इमारती उठत होत्या. मला बघायला आलेला मुलगा तिथलाच, सॉफ्टवेअरवाला. "इतकी वर्षं एकाच जीनवर? आमच्याकडे सहा महिन्यांत व्हर्जन बदलतं!"

त्याची आई मात्र कनवाळू. "असू दे रे," ती म्हणाली, "लग्नानंतर कॉम्प्युटर शिकेल!"

*

आमचे गाइड म्हणजे सर. एका शुक्रवारी मायक्रोस्कोपला डोळा लावून ओरडलेच, "मेल्या! सगळ्या मेल्या! औषध लागू पडलं!" परदेशातल्या मित्राला लगेच ईमेलसुद्धा गेली.

वैशाली म्हणाली, "सर, पण काल गुरुवार होता न."

पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद. त्यात आमचा जनरेटर बिघडलेला. इन्क्युबेटर गार, पेशीही गार!

सरांनी मायक्रोस्कोपचा दिवा बंद केला. मग तिच्यावरच खेकसले, "हे ईमेलच्या आधी सांगायचं असतं!"

*

पुढे वैशालीच्या बाबांच्या मानेत गाठ निघाली. ती सुट्टी मागायला गेली.

"बाबांना पुण्याला घेऊन येऊन राहिले सर, आठवडाभर सुट्टी पाहिजे."

"प्रयोगाच्या मधोमध? पेशींकडे कोण बघणार?"

"आणि बाबांकडे?"

"त्यांच्याकडे डॉक्टर आहेत."

मला इतका संताप आला, की आजही सरांचं नाव निघालं की तोंड कडू होतं.

*

बाबांच्या गाठीत ते प्रोटीन आहे का, ही तपासणी तेव्हा सहज कुठे होत नसे. वैशालीने डॉक्टरांकडून गाठीचा तुकडा मागून आणला आणि आमच्याच लॅबमध्ये, आमच्याच केमिकलने रंगवला. प्रोटीन असलं तर तपकिरी रंग येतो. तो येऊ नये म्हणून ती सकाळपासून देवाचं नाव घेत होती. मायक्रोस्कोपवर वाकली ती बराच वेळ उठलीच नाही.

मागून सर आले. तिला बाजूला करून स्वतः बघायला लागले. तुकडा कोणाचा, हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि विचारावंसंही वाटलं नाही.

"अहो, वा! काय सुंदर तपकिरी रंग आलाय! इतका स्वच्छ पॉझिटिव्ह आपल्याला आजवर मिळाला नव्हता. फोटो काढा आणि थीसिसमध्ये अगदी सुरुवातीला घाला!"

"घालते सर," वैशाली म्हणाली. "खाली पेशंट नंबर लिहू, का नुसतं 'बाबा' लिहू?"