गाडीचे ड्रायव्हर माझे मामा होते

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. दोनदा ओठांवर आली, दोन्ही वेळा गिळली. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसांशी मी कशी वागते — ते पुढे कळेलच.

मी विमानात काम करते. हसून नमस्कार, पट्टा बांधा, चहा की कॉफी — तेच. मूळची करडीची, भंडारा जिल्ह्यातली. घरी धानाची शेती. पण नोकरीत कुणी विचारलं की मी 'नागपूर' सांगायचे. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं, आमच्याकडचे निम्मे लोक परगावी तेच सांगतात. मी पुढे गेले. ट्रेनिंगमध्ये एकदा घाईत तोंडातून 'मला'ऐवजी गावाकडचं 'मले' निघून गेलं, आणि आठवडाभर मुली मला 'मले मॅडम' म्हणून हाक मारत होत्या. मग मी एक नवीन घरच उभं केलं. वडील नागपुरात मोठे अधिकारी, मामा कॅनडात. मामा कॅनडात! खोटं बोलायला बसलं की माणूस कशाला हात आखडता घेतो?

खरे मामा कोंढ्याला. सुखदेवमामा, आईचे धाकटे भाऊ. माझी मुलाखत नागपूरला होती तेव्हा त्यांना सांगितलं होतं, मला शहापूरला हायवेवर बसमध्ये बसवून द्या. ते बसमध्ये बसवायला आले आणि स्वतःही चढले. दिवसभर मुलाखतीच्या जागेबाहेर पानठेल्यापाशी उभे होते. मी निवडले गेले हे ऐकून माझ्याआधी तेच रडले. पुढे वर्षाभरात आई फोनवर म्हणाली, मामा नागपूरच्या एका हॉटेलात गाडीवर लागला. कोणतं हॉटेल, ते मी विचारलं नाही.

विमानातल्या लोकांचेही काही रिवाज असतात, ते सांगायला हवेत. मुक्कामाच्या गावी उतरलं की हॉटेलची गाडी आम्हाला न्यायला येते. कॅप्टन आधी बसतात. सगळ्यात नवीन मुलगी शेवटी चढते, बॅगा मोजते, दाराजवळच्या सीटवर बसते. गाडीत फार बोलायचं नाही. आणि उतरताना सगळ्यांकडून जमवलेली टिप ड्रायव्हरच्या हातात द्यायची, ती त्याच नव्या मुलीनं. तेव्हा नवी मी होते.

नागपूरचा माझा पहिला मुक्काम दसऱ्यानंतरचा. दुपारची वेळ. विमानतळाबाहेर गाडी उभी, आणि पांढऱ्या कपड्यांत, टोपी घातलेले मामा बॅगा चढवत होते. त्यांनी मला पाहिलं. त्यांचा सगळा चेहरा उजळला हो! हातातली बॅग तशीच खाली ठेवली आणि एक पाऊल पुढे आले — "अवो बाई…"

मी म्हणाले, "भैया, वो काली वाली संभालके रखना."

एवढंच. बाकी काही करावं लागलं नाही.  मामांनी बॅग उचलली आणि म्हणाले, "जी मॅडम."

हॉटेल अर्ध्या तासावर. मी सगळा वेळ खिडकीबाहेर पाहत होते, आणि काय पाहिलं ते आज विचाराल तर सांगता येणार नाही. उतरल्यावर टिप माझ्या हातात होती. आता आमच्याकडची रीत ऐका. आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो, वयानं कितीही मोठा असो. भाचीला द्यायचं असतं. भाचीकडून पैसा घेणं हे पाप, म्हातारी माणसं तर त्या कल्पनेनंच कानाला हात लावतात. मी नोटा पुढे केल्या. मामांनी हात मागे घेतला. "राहू द्या मॅडम," म्हणाले, मराठीत. मागून कॅप्टन हसले — "ले लो भाई, बिटिया दे रही है!" सगळे थांबले होते. मामांनी खाली पाहत पैसे घेतले.

तुम्हाला वाटेल, हाच तो गुन्हा. नाही. एवढाच असता तर मी रात्री फोन करून रडले असते, मामांनी "जाऊ दे बाई" म्हटलं असतं आणि मिटलं असतं. मी फोन केला नाही. वाट पाहिली की तेच करतील, तेच रागावतील. त्यांनीही केला नाही. आईला काही बोलले नाहीत. आणि मला — हे सांगतानाही लाज वाटते — सुटल्यासारखं वाटलं.

त्या हिवाळ्यात नागपूरचा मुक्काम मला चार वेळा आला. चारही वेळा तेच होते. मी 'भैया' म्हणायचे, ते 'मॅडम'. निर्लज्जपणाला सराव लागतो, तो मला झाला. एकदा दाराजवळच्या माझ्या सीटवर कागदात बांधलेले उकडलेले शिंगाडे ठेवलेले होते, अजून कोमट. लहानपणी कोंढ्याला गेले की तळ्यावरून आणलेले शिंगाडे मामा सोलून द्यायचे, माझी नखं दुखू नयेत म्हणून. मागून कुणीतरी विचारलं, हे काय? मी म्हणाले, ड्रायव्हरचा डबा असेल, आणि पुडी उचलून पुढे त्यांच्या बाजूला ठेवली. तुम्ही केलं असतं का हो असं?

मामा गाडी चालवताना मागच्या आरशात बघायचे. माझ्याकडे. मला ते माहीत होतं. मी वाळले होते तेव्हा, जेवण धड नव्हतं, डोळ्यांखाली काळं आलं होतं. ते काय बघत होते हे मला नाही कळणार तर कुणाला कळणार? पण बोलता येत नसलेल्या माणसाचं बघणंही लांबतं. ते आमच्या सीनियर रेश्मा मॅडमच्या नजरेत आलं. बाई चांगली होती, नव्या मुलींना सांभाळून घेणारी. चौथ्या वेळी हॉटेलच्या लिफ्टमध्ये मला हळूच म्हणाली, "वो ड्रायव्हर तुझे शीशे में देखता रहता है। कुछ परेशानी है क्या?"

लिफ्टमध्ये आम्ही दोघीच. पाचवा मजला यायचा होता. 'मॅम, ते माझे मामा आहेत' — एवढं म्हणायला किती वेळ लागतो? पण मग चार वेळच्या टिपा, ते 'भैया', ते शिंगाडे, कॅनडा — सगळं उघडं पडलं असतं. बरं, खोटं सांभाळायचं होतं तर 'काही नाही मॅम' म्हणूनही सुटता आलं असतं. तेही म्हटलं नाही. तिला खात्री वाटली पाहिजे ना, की त्या माणसाशी माझं काही नातं नाही!

मी म्हणाले, "हां मॅम, थोडा अजीब लगता है।"

हेच ते. हेच मला सांगायचं होतं. माझ्या मामांबद्दल, माझ्या तोंडानं.

तिनं हॉटेलला लिहिलं. पुढच्या वेळी गाडीवर दुसरा माणूस होता. न विचारताच बॅगा लावता लावता तो बोलला, "तो सुखदेव गेला ना मॅडम. कंप्लेंट झाली त्याची. लेडीजले आरशात पाहून राहिला होता म्हणते. दिसाले तं बिचारा साधा होता." आणि हसला. टिप मी त्याच्या हातात दिली, रिवाजाप्रमाणे.

आता मी नवी राहिलेली नाही, मागे बसते. तरी कुठल्याही गावी हॉटेलच्या गाडीत बसले की आधी आरसा दिसतो. त्यात अनोळखी ड्रायव्हरचे डोळे असतात, रस्त्यावर लावलेले. त्यानं सहज मागे पाहिलं तरी मी खिडकीकडे तोंड फिरवते. मामांना कुणी आणि कशा शब्दांत सांगितलं असेल? चारचौघांत? त्यांनी काय उत्तर दिलं असेल? तक्रार कुणाची ते त्यांना कळलं असणारच. एक वाक्य बोलून त्यांना सुटता आलं असतं — 'ती माझी भाची आहे.' ते बोलले नाहीत. बोलले असते तर माझं सगळं गेलं असतं, म्हणून बोलले नाहीत.

घरी त्यांनी सांगितलं, डोळ्यांना कमी दिसतं, म्हणून नोकरी सोडली.

यंदा भाऊबीजेला मला सुट्टी मिळाली. मामा मामींना घेऊन करडीला आले. आल्या आल्या माझ्या पाया पडले, नेहमीसारखे, आणि मी पडू दिलं. मग जेवायला बसले. नव्या धानाचा भात होता. आईला त्या दिवशी चेव आला होता. घरभर माणसं, आणि ती मामांच्या मागे लागली — "एवढी एसीची गाडी, सायबासारखा ड्रेस, अन् हा बाप्पा सोडून आला! काहून? तं म्हणे डोयाले दिसत नाही. आता लोकायचा ट्रॅक्टर चालवतेस तो कसा दिसते तुले? कामचोर आहेस, दुसरं काई नाही. हे पाह्य तुही भाची, कुठच्या कुठं गेली!"

सगळे हसले. मामाही हसले. "होते बाप्पा कधी कधी," म्हणाले. मामींनी मान खाली घातली. दोन वर्षं त्या हेच ऐकत आल्या आहेत, आणि मला वाटतं त्यांनाही तेच खरं वाटतं — की नवरा कामचोर आहे.

मी भाताचं पातेलं घेऊन तिथेच उभी होते. सगळे होते, सणाचा दिवस होता, कुणी मला थांबवत नव्हतं. मामांनी वर पाहिलं नाही.

मी विचारलं, "मामा, भात वाढू?"