मुठीखालचे तीन ठिपके

आमच्या ह्यांना कुठे जेवायला न्यायची सोय नाही. समोर वाटी आली की चारचौघं वाटीत काय आहे ते बघतात, हे वाटीच्या बुडाशी काय आहे ते बघतात. लेकीच्या सासरी पहिल्यांदा जेवायला गेलो, नवीन सोयरीक, आणि ह्यांनी भरली वाटी तिरपी करून खालचा छाप बघितला. सगळा रस्सा मांडीवर. मी तर मेल्याहून मेल्यासारखी झाले. विहीणबाई मात्र खळखळून हसल्या नि म्हणाल्या, "असू द्या हो. सापडला का छाप?" तेव्हापासून ती बाई मला आवडते.

ह्यांचं धातूच्या वस्तू चकचकीत करून द्यायचं दुकान आहे. खाली दुकान, वर आम्ही. जुनी भांडी, कुलपं, दाराच्या कड्या, तराजू, काय काय येतं. बनवणाऱ्याने कधीकाळी ठोकलेला बारकासा छाप प्रत्येकावर कुठेतरी असतो. पान, चांदणी, मासा, नाहीतर नुसत्या दोन रेघा. तो बघितल्याशिवाय वस्तू घासायच्या चाकाला लावायची नाही, हा दुकानाचा कायदा. चाकाने छाप पुसला जातो, म्हणून. पुसट छाप दिसावा म्हणून हे त्यावर पावडर चोळतात आणि फुंकर मारतात. ती पावडर कोणाची? माझी! माझ्या तोंडाला कमी आणि भांड्यांच्या बुडाला जास्त लागते. मी कितीदा डबा लपवला, पण ह्यांना छाप सापडतात तर डबा सापडणार नाही का?

चांदणीचं एक टोक तुटकं दिसलं की हे खूश. म्हणजे ठोकायचा ठसा झिजला होता, म्हणजे वस्तू उशिराची. असं काहीबाही मला जेवताना ऐकवतात. मी "हो का?" म्हणते आणि भात वाढते. पण खरं सांगू, लांबून लांबून लोक ह्यांना विचारायला येतात तेव्हा मला बरं वाटतं. फक्त ह्यांना गोड बोलता येत नाही. छाप जे सांगेल तेच हे सांगणार, मग समोरच्याचं तोंड उतरो नाहीतर काही होवो.

म्हणूनच विहीणबाई पदराखाली पितळी किटली घेऊन दुकानाची पायरी चढल्या, तेव्हा मी हातातलं काम टाकून खाली धावले.

त्यांचे वडील त्या अगदी लहान असताना गेले. फोटो नाही, चेहरा आठवत नाही. किटली तेवढी होती, आणि ती वडिलांनी घडवली असं त्यांची आई सांगायची. "भाऊ, एवढा छाप वाचून द्या. माझ्या बाबांचं म्हणून माझ्याजवळ एवढंच आहे," त्या म्हणाल्या.

ह्यांनी किटली उलटी केली. पावडर, फुंकर, भिंग. मी मागून खुणा करत होते, डोळे मोठे करत होते. कसलं काय!

"ही तुमच्या वडिलांची नाही," हे म्हणाले. "कारखान्यातली आहे. तुमच्या वडिलांच्या जन्माआधीची."

विहीणबाईंनी पदर सावरला. किटली तशीच ठेवून "येते" म्हणाल्या आणि निघून गेल्या. किटली न्यायचंही भान राहिलं नाही त्यांना.

मग मी जी सुटले! "जिभेला काही हाड? काय बिघडलं असतं हो म्हणून सांगितलं असतं तर?"

"खोटं सांगू?"

"सांगायचं! एकदा सांगायचं!"

तेवढ्यात लेकीचा फोन. सासूबाई खोलीतून बाहेर येत नाहीत, बाबांनी हे काय केलं, म्हणून रडायलाच लागली. ह्यांनी जेवणाला हात लावला नाही. मला राग होता, पण ह्यांचं तोंड बघून जीव तुटला माझा. हे उठून खाली गेले आणि त्या किटलीसमोर बसले. मी चहा घेऊन गेले तर म्हणतात, "मी चुकलोच गं."

"आता कळलं?"

"तसं नाही. मी नुसतं बूड बघितलं. सवयीने. मूठ बघितलीच नाही."

मुठीच्या आतल्या अंगाला, जिथे बोटं धरतात तिथे, तीन ठिपके ठोकलेले होते. ह्यांनी मला समजावलं. वस्तू घडवणारा बुडाला छाप मारतो. दुरुस्त करणारा तिथे मारत नाही, दुसऱ्याच्या कामावर आपलं नाव नको म्हणून. तो जोडकामाशेजारी, दिसणार नाही असा मारतो. ही मूठ कोणीतरी तुटल्यावर नव्याने बसवलेली होती, आणि काम इतकं सफाईदार की ह्यांनाही आधी सांधा दिसला नव्हता.

पण कोणी? हे किटली घेऊन भंगारवाल्या बाबांकडे गेले. ते म्हातारे तरुणपणी भांडी घडवणाऱ्यांच्या गल्लीत काम शिकलेले, विहीणबाईंच्या वडिलांच्या शेजारी बसून. मीही गेले. ह्यांना एकटं सोडायची माझी हिंमत नव्हती. बाबांनी चष्मा वर केला, किटली डोळ्यांशी नेली, नि बोट फिरवून म्हणाले, "तीन ठिपके. त्याचेच. पण त्याचे एका रेषेत असायचे, सुतात. हा तिसरा बघ कसा घसरलाय." आणि एकदम हसायलाच लागले.

तिथून आम्ही थेट लेकीकडे गेलो. विहीणबाई बाहेर आल्या, पण ह्यांच्याकडे बघेनात. हे उभ्याउभ्याच बोलले. ह्यांना प्रस्तावना कधी जमलीच नाही.

"किटली तुमच्या वडिलांनी घडवलेली नाही. ते मी बदलणार नाही. पण मूठ त्यांनी बसवली. हा त्यांचा छाप."

विहीणबाईंनी मुठीखाली बोट घातलं.

"तिसरा ठिपका वाकडा आहे," हे पुढे म्हणाले. "त्यांचं काम वाकडं नसायचं. भंगारवाले बाबा त्यांच्या शेजारी बसायचे, ते सांगतात म्हणून सांगतो, मी बघितलेलं नाही. एक काळ होता, तेव्हा त्यांचे ठिपके घसरायचे. मुलगी दुकानात मांडीवर असायची. हातोडी उचलली की हात ओढायची. बाबा म्हणाले, आम्ही ओरडायचो, पोरीला खाली ठेव, काम बिघडतंय. तर म्हणायचा, बिघडू दे."

माझी लेक डोळे पुसत होती आणि मी तर पदरच तोंडाला लावला होता. विहीणबाई तो तिसरा ठिपका बोटाने पुन्हा पुन्हा चाचपत होत्या.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "म्हणजे हा मी केला."