प्रत्येक प्रवेशावर श्री

माझ्या सासूबाईंनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या नाटकांना विंगेतून प्रॉम्प्टिंग केलं. यंदा म्हणाल्या, "गणपतीत माझं नाटक होणार." आणि खरंच, नोएडातल्या आमच्या घरी बसून त्यांनी अख्खं नाटक फोनवर टाइप केलं, दर प्रवेशाची एक फाइल. पण आमच्या मंडळाचे अध्यक्ष! "संध्याकाळच्या मीटिंगला पूर्ण संहिता हातात द्या, नाहीतर ऑर्केस्ट्रा फायनल." काय तोरा!

फाइली लॅपटॉपवर घेतल्या आणि मी कपाळाला हात लावला. कागद कुठलाही असो, माथ्यावर आधी श्री लिहायचं, ही आईंची सवय. फोनने पहिली ओळ हेच फाइलचं नाव धरलं. त्यामुळे श्री, श्री १, श्री २ करत गाडी विशीपलीकडे गेली होती.

"आई, वेगळी नावं द्यायची ना!"

"देवाचं नाव पुरत नाही का तुझ्या मशीनला?"

एकेक उघडून चिकटवत बसायला वेळ कुणाला होता? गुडगावच्या ऑफिसात मी दिवसभर काळ्या खिडकीत कमांडच टाइप करते. म्हटलं चलो, इथेही तेच. कॅट नावाची कमांड दिली, ती फाइली एकामागोमाग एक जोडते. एका ओळीत नाटक तयार! आईंनी वाचायला घेतलं आणि ओरडल्या, "अगं, मुलगी बघायच्या आधीच लग्न लागलंय!"

मशीनने नावं अक्षरांसारखी लावली होती. एकनंतर दहा, अकरा, आणि बिचारा दोन कुठल्या कुठे मागे. मेल्याला पाढेसुद्धा येत नाहीत! मग आकडे आकड्यांसारखे लाव म्हणून बजावलं आणि पुन्हा जोडलं. आता बिल्कुल बरोबर. प्रवेशांमध्ये रिकामी ओळ नव्हती, पण दर प्रवेशाच्या डोक्यावर श्री होता, त्यामुळे नवा कुठे सुरू होतो ते शोधावंच लागलं नाही.

"बघ, आला ना कामाला?" आई म्हणाल्या.

प्रिंट घेऊन वेळेत पोचलो. अध्यक्षांनी नुसतं चाळायला म्हणून घेतलं आणि हसत हसत वाचतच राहिले. ऑर्केस्ट्रा गेला उडत!

प्रयोगाच्या दिवशी आई सवयीने संहिता घेऊन विंगेकडे निघाल्या. मी ती हातातून काढून घेतली. "आई, आज तुम्ही समोर बसायचं." प्रॉम्प्टिंगला मी उभी राहिले. विंगेतून बघते तर पहिल्या रांगेत त्या प्रत्येक वाक्य ओठांतल्या ओठांत म्हणत होत्या.

पडदा पडल्यावर "लेखिका! लेखिका!" असा गलका झाला. कोण उभं राहतंय ते बघायला आई मागे वळल्या.