लतीफचाचा लेकीले भेटाले निघाले तेव्हा

मी दिग्रसची कांताबाई. लोक मले तोंडाळ म्हणतात, म्हणू द्या बापा! पण लतीफचाचाची गोष्ट निघाली की माह्यंही तोंड बंद पडते. कारण चूक माही आहे.

लतीफचाचा आमच्या गल्लीतले पिंजारी. कापूस पिंजायचा, गाद्या-दुलया भरायच्या, हाच धंदा. छातीपर्यंत दाढी, डोक्यावर जाळीची पांढरी टोपी. बायको गेल्यावर एकट्यानं वाढवलेली एकच लेक, जुबेदा. माह्या अंगणात लगोरी खेळून मोठी झालेली पोट्टी. जावई कराचीच्या गिरणीत लागला अन् तीबी तिकडं गेली. तिची दोन लेकरं हातची गेली. पासष्ट साली तिसरं जगलं, पण ती बाजेवरून उठेना. चिठ्ठी आली, "अब्बा, एकदा तोंड दाखवून जा. मग जे व्हायचं ते होवो."

झालं! बुढ्यानं ध्यासच घेतला. पासपोर्टासाठी यवतमाळले चकरा मारू मारू चपला झिजल्या. कागद हातात आले तवर श्रावण लागला होता अन् पेपरात रोज काश्मीर. बसमधी माणसं त्यायले पाहून सरकून बसत. आमचे मालक म्हणाले, "चाचा, दाढी कमी करा, टोपी खिशात ठेवा. दिवस चांगले नाहीत." चाचा हसले. म्हणे, "इथं तुम्ही सांगून राह्यले. तिथं तरी कोणी दाढी काढ म्हणणार नाही."

आमच्याकडं रीत आहे. पाठोपाठ लेकरं गेलेल्या घरात जे जगलं, त्याले मागून आणलेल्या कपड्यात निजवायचं, म्हणजे नजर लागत नाही. चाचा घरोघर फिरून तुकडे मागून गेले, नातवाच्या दुलईसाठी. कोणी लुगड्याचा दिला, कोणी धोतराचा. मले कुठून बुद्धी सुचली! माहा भाऊ भीमराज फौजेत. त्याचा जुना हिरवट वर्दीचा सदरा घरी पडला होता, त्याचा चांगला हातभर तुकडा मी फाडून दिला. म्हटलं, जवानाचा कपडा आहे, पोट्टं धट्टंकट्टं होईल. आतल्या बाजूनं काळ्या शाईचा फौजी नंबर छापला होता. तो मीबी पाह्यला, चाचानंबी पाह्यला. नंबरानं काय होते, असं वाटलं दोघायले.

पुढचं चाचानं परत आल्यावर सांगतलं. रेतीतून रेल्वे सरहद्दीवर गेली. आपल्या बाजूच्या सायबानं पेटी उलटी केली, टोपी उचलून आत पाह्यलं, "परत येशील का तिकडलाच होशील?" म्हणाला अन् सोडलं. पलीकडच्यानं दुलई उसवली. वर्दीचा हिरवट तुकडा निघाला, नंबर निघाला. "ही कोणाची वर्दी? नाव सांग!" भीमराजचं नाव चाचाच्या ओठावर होतं. पण भीमराज तेव्हा फौजेसोबत सरहद्दीवरच होता, नाव सांगून त्याले कसं अडकवावं? चाचा म्हणाले, "जुन्या बाजारातून चिंधी घेतली." कोण मानते? त्यायच्याकडून कलमा म्हणवून घेतला. दाढीकडं बोट करून एक जण म्हणाला, "अशी दाढी जासूसबी ठेवते." पाच वेळा नमाज पढणारा माणूस! मले तर ऐकूनच संताप येते.

चार दिवस एका खोलीत ठेवलं अन् तिथूनच परतीच्या गाडीत घातलं. इकडं पाय टेकला तर आपले सायब उभेच. "चार दिवस तिकडं काय केलं? कोणाले भेटला?" पासपोर्ट जमा झाला. आठवड्यानं लढाई पेटली, गाडी बंद, टपाल बंद. चाचाले दर शनिवारी ठाण्यात हजेरी. लेक जिती आहे का मेली, हे विचाराले जागाच उरली नाही. मी रोज भाकर नेऊन देऊ, ते खाली मान घालून खात.

पुढच्या उन्हाळ्यात चिठ्ठी आली. जुबेदा जगली होती! पण चाचाचं तोंड उतरलेलं. मौलवीकडून वाचून घेऊन ते माह्या दारात आले. तिनं लिहिलं होतं, "बिमार अंगानं मी तीन दिवस स्टेशनावर बसले. लोक म्हणतात तुम्ही भ्याले. अब्बा, खरं सांगा, काहून नाही आले?"

मी म्हटलं, "चाचा, सारं लिहून टाका. माह्यं नाव लिहा. चूक माही आहे."

"चिठ्ठी इकडं फोडतात, तिकडंबी फोडतात, बेटा. वर्दीचं लिहिलं तर तुह्या भावाची नोकरी जाईल, अन् तिच्या नवऱ्याले उचलून नेतील."

"मंग काय लिहिणार?"

"लिहून टाकलंबी मौलवीकडून, की गाद्या भरायचं गंज काम आलं होतं. सवड भेटली नाही."

मी कपाळावर हात मारला. अरे देवा! श्रावणात कापूस ओला राह्यते, पिंजायचं काम दोन-दोन महिने बंद राह्यते. पिंजाऱ्याच्या पोरीले हे समजणार नाही का? बाप आपल्याशी खोटं बोलला, एवढंच तिले समजणार. मी हे बोलली, तर चाचा म्हणाले, "मालूम आहे, कांता. दुसरं सुचलं नाही."

चिठ्ठी तर टपालाच्या पेटीत पडली होती. तिचं उत्तर आलं नाही.