बांधावरचा पाचवा पांडव

पलीकडच्या मामांचं कुत्रं आमच्या हरभऱ्यात लोळतं, ही तक्रार मी पहिल्यांदा केली तेव्हा मामा बांधावर उभे राहून दात कोरत होते. त्यांनी कुत्र्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "सूनबाई, मुक्या जनावराला हद्द कळती व्हय?"

"त्याला नाही कळत मामा," मी म्हणाले, "पण तुमच्या ट्रॅक्टरला तरी कळू द्या की."

मामांचं दात कोरणं थांबलं. माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, त्या पदर तोंडाला लावून खाली वाकल्या आणि विळा शोधायला लागल्या. विळा त्यांच्या हातातच होता.

मामा काही सख्खे मामा नव्हेत. आत्याबाईंना ते आक्का म्हणतात, म्हणून माझ्या नवऱ्याचे मामा आणि म्हणून माझेही. आमचं गाव उदगीरच्या अलीकडं. आम्ही दोघं नोकरीपायी लातूरला राहतो आणि रविवारी शेतावर जातो. आत्याबाई गावातच असतात आणि रोज रानात. मी लग्न होऊन आले तेव्हा या बांधावरून दोन बायका डोक्यावर पाट्या घेऊन गप्पा मारत शेजारी शेजारी चालायच्या. आता एकटीनं चालायचं म्हटलं तरी सर्कशीत काम केलेलं असावं लागतं. मामा दरसाल नांगरटीला बांधाचं एखादंच तास, म्हणजे नांगराची एक रेघ, घ्यायचे. त्यावरून भांडावं तर आपणच हलकट दिसावं आणि गप्प बसावं तर जेवण गोड लागू नये, एवढंच. हे कसब सगळ्यांना जमत नाही.

कुत्र्याचं मात्र तसं नव्हतं. ते जे करायचं ते उघड करायचं. त्यानं माझी चप्पल पळवली, भाकरीचं फडकं सोडून भाकरी खाल्ली आणि आमच्या भेंड्यांच्या वाफ्यात खड्डा करून त्यात दुपारची झोप काढली. मी काठी उचलली की ते बांधापलीकडं उडी मारून मामांच्या हद्दीत उभं राहायचं आणि शेपटी हलवायचं. हद्द त्याला चांगली कळत होती.

बांधाच्या मधोमध बोरीचं झाड आहे. त्याच्या मुळाशी एक काळा दगड रोवलेला होता. हीच दोन्ही शेतांच्या हद्दीची खूण. माझ्या सासऱ्यांनी हयातीत त्यावर छन्नीनं फुली मारली होती. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात मामांची नांगरट झाली आणि दगड दिसेनासा झाला. विचारलं तर मामा म्हणाले, "भुईत गेला आसंल. काळी माती हाय बाई, माणूस गिळंल." कुत्रं त्यांच्या पायाशी बसून जांभई देत होतं. दोघांच्या तोंडावर अगदी एकसारखा भोळेपणा होता.

दगड गेला, तशी नांगराची रेघ थेट बोरीच्या अलीकडं आली. आणि बोरीखाली आत्याबाईंची येळवस असते.

वेळा अमावस्येला आमच्याकडं येळवस म्हणतात. त्या दिवशी लातूरच्या बाजारात चिटपाखरू नसतं, सगळं शहर शेतात जाऊन बसतं. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारायची, आत चुना लावलेले पाच दगड मांडायचे. ते पांडव. त्यांना भज्जी, उंडे आणि आंबिलीचा नैवेद्य दाखवायचा आणि मग बांधावरून जाईल त्याला हाक मारून जेवायला बसवायचं. आत्याबाई नवी नवरी होऊन आल्या तेव्हापासून त्यांची कोप बोरीखालीच उभी राहते. जागा त्यांच्या सासूनं दाखवलेली.

"आता माझे पांडव त्येच्या रानात जेवायला जायचे," त्या म्हणाल्या. मला हसू आलं. मग बघितलं तर त्या डोळे पुसत होत्या. त्या दिवशी मला मामांचा खरा राग आला. तोवरचा सगळा नुसता गमतीचा होता.

माझा नवरा म्हणाला, "मोजणी आणू." आत्याबाईंनी ठाम नकार दिला. "मशीन आलं की बोलणं बंद हुतंय. शेजार मोडून जिमीन काय चाटायची हाय?" मग त्यांनी आपली कोप बोरीपासून सरकवून आमच्या हरभऱ्यात उभारायला सांगितली. त्या वर्षीच्या येळवशीला आमचे पांडव ओळखीच्या सावलीशिवाय उन्हात बसले होते.

आमची पूजा उरकली आणि पलीकडून मामांची हाक आली. "आक्का, या जेवायला!" येळवशीच्या हाकेला नाही म्हणायचं नसतं, भांडण असलं तरी. आत्याबाई निघाल्या. मी पण पदर खोचून निघाले. आमच्या मातीत मामांचा हरभरा कसा आलाय, ते मला जवळून बघायचं होतं.

मामांच्या कोपीत उदगीरचे चार पाहुणे आधीच बसले होते. मामी भोळ्या आणि हौशी. त्यांनी आत्याबाईंना हाताला धरून कोपीपाशी नेलं. "आक्का, औंदा पांडव बगा किती झ्याक! एक फुटला हुता, म्हून हिरीकडच्या ढिगातनं मीच हुडकून आणला. कसा सुबक हाय!"

पाचही दगड चुन्यानं पांढरेधोप. वर भज्जी, उंडे, आंबिलीची धार. आम्ही हात जोडले. तेवढ्यात पेंढ्यांच्या फटीतून एक काळं नाक आत आलं. आंबील हा त्या कुत्र्याचा जीव की प्राण. कुणी हाड म्हणेपर्यंत त्यानं मामींचा सुबक पांडव मनापासून चाटायला घेतला. चुना सकाळचाच, ओला. आंबिलीबरोबर तोही गेला.

आणि पांडवाच्या छातीवर फुली दिसायला लागली.

मामांनी कुत्र्याला लाथ मारून हाकललं आणि खांद्यावरचं उपरणं काढून घाईघाईनं त्या दगडावर टाकलं. "थंडी हाय," ते म्हणाले, "देवाला."

"बाकीच्या चौघांना नाही का वाजत?" मी विचारलं. "मामा, हे पांडव लई ओळखीचे वाटायलेत हो."

"पांडव... सगळ्यांच्याच वळखीचे आसत्यात," मामा म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

आत्याबाई खाली बसल्या. त्यांनी उपरणं बाजूला केलं आणि त्या फुलीवरून बोट फिरवलं, एकदा या रेघेवरून, एकदा त्या. सासरे जाऊन कितीतरी वर्षं झालीत. पाहुणे बघत होते. आत्याबाईंनी तोंड उघडलं असतं तर मामांची अब्रू उदगीरच्या मोंढ्यापर्यंत गेली असती आणि मला तेच हवं होतं, खोटं कशाला बोलू.

त्यांनी दगडाला हळद-कुंकू लावलं. म्हणाल्या, "आता देव झालाय. देवाला ढिगावर टाकू नगंस. त्येच्या जागंवर बसव."

"कंची जागा?" मामींनी विचारलं. त्यांना बिचाऱ्यांना खरंच माहीत नव्हतं.

मामांनी कुणाला काही विचारलं नाही. दगड खांद्यावर घेतला आणि चालायला लागले. स्वतःच्याच उभ्या हरभऱ्यातून. दगडावरची आंबील त्यांच्या पाठीवरून ठिबकत होती आणि कुत्रं मागून एकेक थेंब टिपत चाललं होतं. बोरीपाशी पोचल्यावर त्यांनी टाचेनं माती उकरली आणि दगड बरोबर जुन्या खड्ड्यात बसवला.

मला राहवलं नाही. "मामा, भुईनं गिळला होता ना? मग जागा कशी सापडली?"

मामांनी कुत्र्याकडं बोट दाखवलं. "ह्यानं दावली."

"तो तर मागं होता."

"आक्का, तुमची सून लई बोलती," मामा म्हणाले. आत्याबाई म्हणाल्या, "मास्तरीण हाय," आणि पुन्हा पदर तोंडाला लावला.

त्यानंतरच्या नांगरटीला मामा ट्रॅक्टरपुढं स्वतः चालत होते. चुना लावलेल्या दगडाला फाळ लावायची कुणाची छाती होत नाही. ट्रॅक्टर बोरीला लांबून वळसा घालून गेला आणि मामांचं स्वतःचंच एक तास पड राहिलं. माझा नवरा त्या तासाकडं जरा जास्तच प्रेमानं बघायला लागला, तेव्हा आत्याबाईंनी त्याला एवढंच विचारलं, "तुला बी उपरणं देऊ का?" आता त्या पट्टीत कुत्रं झोपतं. माझी पळवलेली चप्पल मला तिथंच सापडली.

यंदाच्या येळवशीला आत्याबाईंची कोप पुन्हा बोरीखाली, दगडाला लागून उभी राहिली. मामा सकाळी चुन्याचं डबडं घेऊन आले आणि त्या दगडाला स्वतःच्या हातानं चुना लावून गेले. फुली तेवढी मोकळी ठेवली. दुपारी त्यांच्या कोपीत पाहुणे जमले. त्यातल्या एकानं मोठ्यानं विचारलेलं आम्हाला बोरीखाली ऐकू आलं. "आवो, तुमचे पांडव चारच कसे?"

"पाचवा आक्काकडं जेवायला गेलाय," मामा म्हणाले.

आत्याबाईंच्या हातातला उंडा हातातच राहिला. मग त्यांनी बांधापलीकडं तोंड करून ओरडून सांगितलं, "जेवला म्हणावं! तुजं कुत्रं बी जेवलं! आता तू ये!"