ऐंशी मीटरचं वेटोळं

"कात्री खाली ठेव आधी."

"ताई, हे ऑफिस आहे."

"बरं. मग साहेब, कात्री खाली ठेवा आधी."

"अगं, नव्या व्यवस्थेत या केबलच्या वेटोळ्याचं कामच नाही. उगाच लटकलंय भिंतीवर. किती वेळा सांगू?"

"आणि मी किती वेळा सांगू? हे एक नंबरचं कपाट तीनदा जळलंय. तेव्हा तू शाळेत गणितात नापास होत होतास."

"एकदाच झालो होतो."

"सहामाही धरून दोनदा."

भावाने कात्री खाली ठेवली नाही; फक्त पाठीमागे धरली, लहानपणी बिस्किटं धरायचा तशी. नियंत्रण विभागाचा प्रमुख होऊन त्याला दोन वर्षं झाली होती. ताई या हॉलमध्ये अठ्ठावीस वर्षं होती, आणि सगळे तिला वेटोळेताई म्हणत.

हॉल लांबच लांब. त्यात माणसाहून उंच बारा लोखंडी कपाटं. पलीकडे, जाड भिंतीआड, कड्यासारखं एक यंत्र. त्यात काही सेकंदांपुरता एक इवलासा सूर्य पेटवायचा. त्याला हात लावता येत नाही, भांड्यात ठेवता येत नाही. चुंबकांनी अधांतरी धरायचा, आणि चुंबकांना वीज या कपाटांनी पुरवायची. सूर्य स्वभावाने चंचल. जरा डुलला की कपाटांना नवा हुकूम जातो, सेकंदाला हजारो वेळा, आणि बाराही जणांनी तो एकाच क्षणी पाळायचा असतो.

एकविसाव्या वर्षी ताई केबल टाकायच्या कामावर लागली, त्या वर्षी एक नंबरचं कपाट सारखं जळायचं. मोठमोठे इंजिनियर कागद पसरून बसले. ती हॉलभर पावलं मोजत फिरली आणि म्हणाली, "हुकूम या टोकाकडून येतो. हा सगळ्यात जवळ. हा आधी ऐकतो, आधी उठतो आणि सगळ्यांचा भार एकट्याच्या डोक्यावर घेतो. जळेल नाही तर काय?"

सगळे हसले. मग मोजलं. सेकंदाचे दहा लाख तुकडे केले तर त्यातल्या एकाच्या निम्म्याहूनही कमी, एवढाच काय तो फरक. पण तेवढा पुरत होता. मग तिने जवळच्या प्रत्येक कपाटाला जादा केबल जोडली, लांबचं ऐकेल तेव्हाच जवळच्यानंही ऐकावं म्हणून. सगळ्यात मोठं वेटोळं एक नंबरचं: ऐंशी मीटर, नारिंगी, काचेच्या तंतूचं.

दुपारी डबा खाऊन ती त्या वेटोळ्याला पाठ टेकून बसे. कपाटांची घूं-घूं चालू असे आणि डोळे जड होत. मग तिला हुकूम दिसायचा: उजेडाचा एक ठिपका. घरी लवकर पोचलेला पाहुणा गल्लीतच येरझारा घालतो, तसा नारिंगी बोळातून गोल गोल फिरणारा. कधी ती स्वतःच आत शिरायची. एका वळणावर स्वयंपाकघर, पुढच्या वळणावर बाबा, आज वार कोणता विचारणारे, आणि त्याच्या पुढे आई, ओल्या हातांनी केस मागे सारणारी. कुणालाच कसली घाई नसायची.

आता प्रत्येक कपाटात छोटा संगणक बसला होता. आपलं अंतर आपणच मोजायचं, आपणच थांबायचं. आठवडाभरात बाकीची वेटोळी उतरली होती. हे शेवटचं. आजची चाचणी त्याच्याशिवाय व्हायची होती.

"तू रागावलीयस ते केबलवरून नाही," भाऊ म्हणाला.

"वा! एवढं कळतं?"

"ताई..."

"कँटीनवाला माझं अभिनंदन करतो! मला वाटलं, आज चहा फुकट. तर म्हणे, भाऊ परदेशी चालला, मोठ्या यंत्रावर. चाळीस दिवस पत्र खिशात घेऊन फिरतोयस तू. शिपायाला ठाऊक, कँटीनवाल्याला ठाऊक. मी कोण? भिंत?"

"होकार अजून दिलेला नाही. आज संध्याकाळपर्यंत कळवायचंय."

"मग मला शेवटी का?"

तो कपाटाच्या दाराशी बोलल्यासारखा बोलला. "आई गेली तेव्हा फोन तू घेतलास. माझी बारावी चालू होती. दोन दिवस तू मला डबा भरून दिलास, उजळणी घेतलीस, 'आई मामाकडे गेलीय' म्हणालीस. मी पेपर लिहून आलो आणि मग सांगितलंस. तू दरवेळी आधी ऐकतेस, ताई. म्हटलं, या वेळी तरी..."

"बारक्या," ती म्हणाली. सहा फुटी बारक्याने मान खाली घातली.

"बाबांना आता माझं नावही आठवत नाही कधीकधी. मी गेलो तर तू एकटी. ते मला कळतं. म्हणून विचारतोय. नको म्हणालीस तर नाही जात. मनापासून सांगतो."

भिंतीवरचा दिवा पिवळा झाला. हॉल रिकामा करायची वेळ झाली होती.

ताईने त्याच्या पाठीमागून कात्री काढून घेतली आणि हत्यारांच्या पेटीत टाकली. मग वेटोळ्याची दोन्ही टोकं बोटांनी हलकेच सोडवली, त्यांना टोप्या घातल्या. आखूड केबल घेतली, फुंकर न मारता टोकं कापडाने पुसली आणि एक नंबरच्या कपाटात बसवली. टक्. दुसरं टोक. टक्. एक नंबर शांत उभं होतं.

वेटोळं तिने खांद्याला अडकवलं. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच ते खाली उतरलं होतं, आणि भलतंच हलकं निघालं.

"ताई, जाऊ का मी?"

ती चालू लागली. दारापर्यंत किती कपाटं उरली ते बारा, अकरा, दहा असं उलटं मोजायची तिची सवय होती. आज मोजलं नाही.

"ताई, काहीतरी बोल ना!"

दाराशी चाव्यांची पाटी होती. आत येणाऱ्याने आपली चावी काढून न्यायची, जाताना परत टांगायची. सगळ्या चाव्या टांगल्याशिवाय सूर्य पेटत नाही. "आता तुझं अंतर तूच मोज, बारक्या," म्हणत ताईने आपली चावी खुंटीला अडकवली आणि ती दार ढकलून बाहेर गेली.

पाटीवर आता एकच खुंटी रिकामी होती. त्याची.